आधी प्रत, मग स्क्रू ड्रायव्हर: जुन्या पीसीत हार्ड डिस्क आणि कार्डं बसवणं

बेळगावच्या उद्यमबागेत आजही असे पीसी भेटतात, ज्यांच्या शेजारी लाखोंचं मशीन उभं असतं आणि ते मशीन पेंटियमच्या जमान्यातल्या एका आयएसए कार्डाच्या (बोर्डावरच्या खाचेत बसणाऱ्या जुन्या पद्धतीच्या कार्डाच्या) भरवशावर चालतं. शहापुरातल्या एखाद्या छापखान्यात लग्नपत्रिका, स्मरणिका, देवस्थानांचे अहवाल असं सगळं जुनं काम विंडोज ९८च्या डिस्कवर पडून असतं. निपाणी-चिकोडीकडे एखाद्या दुकानाची जुनी खतावणी अजून डॉसच्या पॅकेजात सापडते. मालकाचं म्हणणं ठरलेलं: "चालतंय न्हवं? मग कशाला हात लावतासा?"

ते अगदी चुकीचं नाही. चालत्या मशीनला उगाच हात लावू नये. पण हार्ड डिस्क ही फिरणारी वस्तू आहे, ती कधीतरी थांबणारच. थांबल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधी ठरवून बदललेली बरी. या कामात बहुतेक नुकसान डिस्क मेल्यामुळे होत नाही, ती वाचवायला बसलेल्या माणसाच्या घाईमुळे होतं. म्हणून पुढचा क्रम मोडू नका.

डबा उघडण्याआधी

मागच्या बाजूला एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या पेटीवर, लाल रंगाचा छोटा खटका असतो, ११५ आणि २३० असं लिहिलेला. तो २३०वर आहे का ते पाहा. परदेशातून मशीनबरोबर आलेला किंवा भंगारातून उचललेला डबा असेल तर हे आधी बघायचंच. खटका ११५वर ठेवून आपली वीज दिली तर एसएमपीएस जागच्या जागी उडतो. ४८६ किंवा सुरुवातीच्या पेंटियमचा एटी पद्धतीचा डबा असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: पुढच्या पॅनलवरच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्ट आलेले असतात. प्लग भिंतीतून काढल्याशिवाय आत बोट घालायचं नाही.

मग फोटो. प्रत्येक केबल, तिच्या लाल काठाची दिशा, प्रत्येक कार्डाचा स्लॉट, कार्डावरचा प्रत्येक जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) आणि डीआयपी स्विच (बारीक खटक्यांची पट्टी). मोबाईल हातात असतोच, वीस-तीस फोटो काढायला काही पडत नाही. ते पेन ड्राइव्हवरही ठेवा.

धुळीचंही बघायला हवं, कारण आपल्या भागात ती जागोजाग वेगळी आहे. वडगाव-शहापूरच्या मागांजवळ सुताचा कापूस पंख्यात गच्च बसतो आणि आतली हवा कोंडते. निपाणीत तंबाखूची बारीक पूड सगळ्यावर थर धरते. उद्यमबागेतल्या फाउंड्रीजवळची धूळ मात्र सगळ्यांत वाईट, कारण तिच्यात लोखंडाचा कीस असतो आणि तो वीज वाहतो. कॉम्प्रेसरचा पाइप घेऊन फुंकर मारली तर हाच कीस स्लॉटमध्ये आणि चिपांच्या पायांत जाऊन बसतो. शिवाय कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असतं. मऊ ब्रशने धूळ सोडवा आणि व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या. कार्डाच्या सोनेरी पट्टीवर पांढरं मऊ खोडरबर हलकं फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

खानापूरकडे पावसाळ्यात माळ्यावर पडलेली डिस्क किंवा बोर्ड आणला असेल तर एक दिवस कोरड्या खोलीत उघडा ठेवा. हेअर ड्रायर नको.

बोर्ड ३८६ किंवा ४८६चा असेल तर निळ्या वेष्टणाची, नळकांड्यासारखी बॅटरी शोधा. ती निकेल-कॅडमियमची असते, वर्षं गेली की गळते आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाते. ती कापून काढा. गळलेली जागा पांढऱ्या व्हिनेगरच्या बोळ्याने आणि त्यानंतर अल्कोहोलने पुसा. तिथे थेट लिथियमचा बटन सेल लावू नका. ते सर्किट बॅटरीला चार्ज करायला बघतं आणि लिथियम सेल चार्ज करायचा नसतो. मध्ये डायोड हवाच.

पहिलं खरं काम: प्रत

जुन्या डिस्कवर काहीही बदलण्याआधी तिची सेक्टर-सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सगळ्यांत लहान कप्पा) नक्कल करायची. फायली कॉपी करणं वेगळं आणि पूर्ण डिस्कची इमेज काढणं वेगळं. मशीनच्या सॉफ्टवेअरची लायसन फाइल काही वेळा अशा जागी असते, जी साध्या कॉपीत येत नाही. बूट सेक्टर, म्हणजे पीसी सुरू करणारा डिस्कवरचा भाग, तर येतच नाही.

यासाठी आयडीई-टू-यूएसबी अडॅप्टर मिळतो (आयडीई म्हणजे जुन्या डिस्कची रुंद पट्टीच्या केबलची जोडणी). मोठ्या डिस्कला ४० पिनांचं तोंड, लॅपटॉपच्या डिस्कला ४४ पिनांचं. साडेतीन इंची डिस्कला अडॅप्टरसोबतचा वेगळा वीजपुरवठा लागतो, कारण मोटरला १२ व्होल्ट हवे असतात. जंपर मास्टरवर ठेवा, किंवा लेबलवर एकट्या डिस्कसाठी वेगळी जागा दाखवली असेल तर तिथे (मास्टर-स्लेव्हचं पुढे येतं). लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करा आणि डीडीरेस्क्यू वापरा. हे साधन आधी सोपा भाग ओढून घेतं, अडलेले सेक्टर बाजूला ठेवतं आणि कुठवर आलं त्याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतं. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही. पहिल्या फेरीत अडलेल्या जागा खरवडायच्या नाहीत. इमेज हातात आली की मगच दुसऱ्या फेरीत त्यांच्या मागे लागा.

विंडोजच्या लॅपटॉपला डिस्क जोडली आणि "फॉरमॅट करायचं का" असा प्रश्न आला, तर उत्तर नेहमी नाही.

डिस्क ठरावीक लयीत टक-टक करत असेल तर लगेच बंद करा. ती हेडची (डिस्क वाचणाऱ्या टोकाची) तक्रार असते, प्रत्येक मिनिटाला आतलं नुकसान वाढतं. डेटा खरोखर मोलाचा असेल तर ती रिकव्हरीवाल्याकडे द्या. फ्रीजमध्ये ठेवण्याचे वगैरे उपाय ऐकू नका.

फार जुन्या, ५०० एमबीच्या आतल्या डिस्क पुष्कळदा यूएसबी अडॅप्टरला दिसतच नाहीत. अडॅप्टर एलबीए पद्धतीने (सेक्टरांना सरळ क्रमांक देऊन) पत्ता मागतो आणि त्या डिस्कला फक्त सिलिंडर-हेड-सेक्टरची भाषा कळते. अशा वेळी स्वतःचं आयडीई तोंड असलेला पेंटियम थ्री किंवा फोरचा बोर्ड वापरायचा.

केबल आणि जंपर

आयडीईच्या एका केबलवर दोन डिस्क बसतात, एक मास्टर आणि एक स्लेव्ह. कोण कोण ते डिस्कच्या मागच्या जंपरवर ठरतं. त्याची आकृती डिस्कच्या लेबलवरच असते, ती बघूनच जंपर लावा. कंपनी बदलली की आकृती बदलते. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच डिस्कमध्ये "एकटी" आणि "मास्टर, सोबत स्लेव्ह" अशा दोन वेगळ्या जागा असतात. डिस्क एकटीच असताना जंपर मास्टरवर ठेवला तर ती बायोसला (पीसी सुरू होताना आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रामला) दिसायला अडखळते.

केबल दोन प्रकारची असते, ४० तारांची आणि ८० तारांची. पिना दोन्हींत ४०च. ८० तारांच्या केबलमध्ये जादा तारा सगळ्या ग्राउंडच्या, एकाची कुजबुज दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. सेकंदाला ६६ एमबी आणि त्यापुढच्या वेगाच्या डिस्कला हीच केबल लागते. तिचं निळं तोंड बोर्डाकडे, काळं टोकाला मास्टरसाठी, राखाडी मधलं स्लेव्हसाठी. मास्टर नेहमी टोकाला लावा, टोक रिकामं लोंबकळत ठेवू नका. केबलची कमाल लांबी १८ इंच. लांब टॉवरमध्ये पुरत नाही म्हणून कुणी दोन केबल जोडून दिल्या असतील तर तो जुगाड आधी काढा.

केबलचा लाल काठ म्हणजे पिन १. डिस्कवर ती बहुधा वीज जोडणीच्या बाजूला असते. फ्लॉपीची केबल ३४ पिनांची, तिच्यात काही तारांना पीळ दिलेला असतो. पिळाच्या पलीकडच्या टोकाला लावलेला ड्राइव्ह ए: होतो. चालू करताच फ्लॉपीचा दिवा लागून तसाच राहिला तर केबल उलटी आहे.

एटी एसएमपीएसची बोर्डाकडे जाणारी दोन वेगवेगळी तोंडं असतात. ती लावताना काळ्या तारा मध्ये, एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलट लावलं तर बोर्ड जातो.

बायोसची गोष्ट, जिथे बहुतेक लोक फसतात

सीमॉसचा (बायोसच्या नोंदी जपणाऱ्या मेमरीचा) सेल संपला की बायोस डिस्कची माहिती विसरतो. पीसी सुरू होतो, डिस्क फिरते, पण स्क्रीनवर येतं की सिस्टिम डिस्क नाही. मेकॅनिक येतो, बायोसमध्ये ऑटो डिटेक्ट करतो, डिस्क दिसते, तरी बूट होत नाही. मग निष्कर्ष निघतो, "डिस्क गेली, फॉरमॅट करावी लागेल."

डिस्क बहुधा गेलेली नसते. त्या काळच्या बायोसमध्ये एकाच डिस्ककडे बघायच्या तीन पद्धती होत्या: नॉर्मल, लार्ज आणि एलबीए. डिस्क ज्या पद्धतीत पार्टिशन (म्हणजे तिचे भाग) आणि फॉरमॅट केली, त्याच पद्धतीत ती नीट वाचता येते. सेल गेल्यावर ऑटो डिटेक्टने दुसरीच पद्धत निवडली, की पत्ते सगळे चुकतात. घर तेच, पण गल्लीच्या नावांच्या पाट्या बदलल्यासारखं होतं. तेव्हा तिन्ही पद्धती एकेक करून बघा, बूट होते का पाहा आणि तोवर डिस्कवर काहीही लिहू नका. चालणारी पद्धत सापडली की सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे आणि पद्धतीचं नाव कागदावर लिहून डब्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. सेल बहुधा सीआर२०३२ असतो, ३ व्होल्टचा. मीटरवर २.८च्या खाली दिसला तर बदला.

नवी किंवा मोठी डिस्क लावताना आकाराच्या भिंती आडव्या येतात. पहिली ५०४ एमबीची, जुन्या ४८६ बायोसांत. काही बायोस २.१ जीबीवर अडतात, मग ८.४ जीबीची भिंत, मग १९९९च्या आधीच्या पुष्कळ बोर्डांत ३२ जीबीची आणि शेवटी १३७ जीबीची. ३२च्या भिंतीवर काही पीसी डिस्क शोधताना तिथेच गोठतात. त्यासाठी त्या काळातल्या डिस्कवर आकार ३२ जीबीपुरता आखडणारा वेगळा जंपर दिलेला असे. १३७ची भिंत २८ बिटांच्या पत्त्यामुळे आहे. विंडोज एक्सपीत ती सर्व्हिस पॅक १पासून ओलांडता येते, विंडोज ९८ला मात्र त्याहून मोठी डिस्क देऊच नका, डेटा एकमेकांवर लिहिला जातो.

मशीनच्या पीसीला मोठी डिस्क लागते कशाला? तिथला सगळा पसारा एक-दोन जीबीतही मावतो. भिंत ओलांडणारी सॉफ्टवेअरं मिळतात, पण ती डिस्कच्या सुरुवातीला स्वतःचा कोड बसवतात आणि पुढे कधी डिस्क दुसऱ्या पीसीत लावली की नवाच गोंधळ. भिंतीच्या आतली लहान डिस्क घ्या आणि मोकळे व्हा.

पार्टिशन आणि ड्राइव्हची अक्षरं

डॉस ६.२२ला एक पार्टिशन जास्तीत जास्त २ जीबीचं. मोठी पार्टिशनं हाताळणारं फॅट३२ विंडोज ९५च्या १९९६च्या सुधारित आवृत्तीपासून आलं. एफडिस्क या पार्टिशन करायच्या प्रोग्राममध्ये प्रायमरी (मुख्य) पार्टिशन केल्यावर ते अ‍ॅक्टिव्ह करायला विसरू नका, नाहीतर सगळं बरोबर असूनही बूट होणार नाही.

दुसरी डिस्क जोडताना खरा घोटाळा अक्षरांचा होतो. डॉस आणि विंडोज ९८ आधी प्रत्येक डिस्कच्या प्रायमरी पार्टिशनला अक्षर देतात, त्यानंतर लॉजिकल पार्टिशनना, म्हणजे एक्स्टेंडेड नावाच्या भागाच्या आत केलेल्यांना. पहिल्या डिस्कवर सी: प्रायमरी आणि डी: लॉजिकल होतं असं समजा. आता प्रायमरी पार्टिशन असलेली दुसरी डिस्क लावली, तर डी: तिला मिळतो आणि तुमचा जुना डी: होतो ई:. डी:वर डेटा शोधणारं अकाउंटचं पॅकेज किंवा मशीनचा प्रोग्राम लगेच बोंब मारतो. उपाय सोपा आहे: दुसऱ्या डिस्कवर प्रायमरी करूच नका, फक्त एक्स्टेंडेड करून त्यात लॉजिकल पार्टिशन करा. मग जुनी अक्षरं जागच्या जागी राहतात, नवं पार्टिशन त्यांच्यामागे येतं. सीडी ड्राइव्हचं अक्षर पुढे सरकू शकतं, तेवढं बघा.

फिरणाऱ्या डिस्कऐवजी सीएफ कार्ड

फाउंड्रीच्या हादऱ्यात आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत माझं मत सरळ सीएफ कार्डाच्या, म्हणजे कॉम्पॅक्ट फ्लॅश मेमरी कार्डाच्या, बाजूने आहे. कॉम्पॅक्ट फ्लॅश आयडीईचीच भाषा बोलतं, अडॅप्टर म्हणजे फक्त पिनांची जुळवाजुळव. अडॅप्टरवर मास्टर-स्लेव्हचा आणि बऱ्याचदा व्होल्टेजचा जंपर असतो. काही कार्डं स्वतःला "काढता येणारी" म्हणवतात, डॉसला त्याचं काही नाही, विंडोज एक्सपी मात्र त्यावर कुरकुर करतो. म्हणून औद्योगिक वापराचं, फिक्स्ड डिस्क म्हणून ओळख देणारं कार्ड घ्या. एकाच केबलवर दोन सीएफ लावू नका, पुष्कळदा त्यांचं आपसात पटत नाही. इमेज उतरवल्यावर कार्ड दिसतं पण बूट होत नाही, अशा वेळी मास्टर बूट रेकॉर्ड (पहिल्या सेक्टरातला बूटचा कोड) एफडिस्कने पुन्हा लिहावा लागतो.

साटाचा (आयडीईनंतर आलेल्या जोडणीचा) थोडा पुढचा बोर्ड असेल तर एक बारकावा: व्हीआयएच्या व्हीटी८२३७ चिपला ३ गिगाबिटच्या डिस्क ओळखता येत नाहीत. डिस्कवर वेग १.५वर आणणारा जंपर असेल तर तो लावा.

कार्डं

आधी स्लॉट ओळखा. लांब, काळा, दोन तुकड्यांचा तो १६ बिटांचा आयएसए. आखूड, बहुधा पांढरा तो पीसीआय. तपकिरी, मागे सरकलेला तो डिस्प्ले कार्डाचा एजीपी. एजीपी आणि पीसीआयच्या खाचा व्होल्टेजप्रमाणे वेगळ्या असतात. कार्ड सहज बसत नसेल तर जोर लावू नका, ते त्या स्लॉटचं नाही.

पीसीआय कार्डं बव्हंशी आपापलं जुळवून घेतात. आयएसए कार्डांना तुम्हीच जागा नेमून द्यावी लागते: आयआरक्यू, आय-ओ पत्ता आणि लागला तर डीएमए. आय-ओ पत्ता म्हणजे प्रोसेसर कार्डाशी बोलतो तो क्रमांक, डीएमए म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवायची वाट. आयआरक्यू म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची तार. आयएसएवर दोघांनी एकच तार धरली की दोघांचंही अडतं. ठरलेल्या जागा अशा: सीरियल पोर्टपैकी कॉम १ला ४, कॉम २ला ३, प्रिंटर पोर्टला ७, फ्लॉपीला ६, पीएस-२ माउसला १२, दोन आयडीई तोंडांना १४ आणि १५. मोकळ्या राहतात त्या बहुधा ५, ९, १०, ११. साउंड ब्लास्टर ठरावाने पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ घेतं. एनई२००० जातीचं नेटवर्क कार्ड पत्ता ३०० आणि आयआरक्यू ३वर येतं, म्हणजे थेट कॉम २च्या अंगावर. मशीनला प्रोग्राम पाठवणारी सीरियल केबल कॉम २वर असेल तर नेटवर्क कार्ड १०वर हलवा. डॉस ६सोबत येणाऱ्या एमएसडी प्रोग्राममध्ये कोण कुठे बसलंय ते दिसतं.

आयएसए आणि पीसीआय दोन्ही स्लॉट असलेल्या बोर्डात बायोसच्या पीएनपी-पीसीआय पानावर जा आणि आयएसए कार्डाने धरलेला आयआरक्यू "लेगसी आयएसए"साठी राखून ठेवा. नाहीतर बायोस तोच एखाद्या पीसीआय कार्डाला वाटून मोकळा होतो आणि मशीन कधी चालतं, कधी नाही. एजीपीला लागून असलेला पहिला पीसीआय स्लॉट पुष्कळदा एजीपीशी आयआरक्यू वाटून घेतो, तो शक्यतो रिकामा ठेवा.

एका वेळी एकच कार्ड बसवा. चालू करून बघा, मग दुसरं. कंटाळवाणं वाटतं, पण तीन कार्डं एकदम बसवून मग दोष शोधत बसण्यापेक्षा लवकर होतं.

आपल्याकडे अजून एक कार्ड भेटू शकतं, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड. डॉसच्या काळात मराठी आणि कन्नड दोन्ही एकाच पीसीवर लिहायची सोय यामुळे झाली. जुन्या छापखान्याच्या किंवा कचेरीच्या डब्यात ते सापडलं तर भंगारात टाकू नका. त्यावर केलेला मजकूर इस्की कोडमध्ये असतो, १९९१च्या भारतीय मानकाप्रमाणे. कार्ड काढलं की त्याच फायली डॉसमध्ये चित्रविचित्र चिन्हांसारख्या दिसतात, पण त्या बिघडलेल्या नसतात. इस्कीत मराठी आणि कन्नडच्या समान उच्चाराच्या अक्षरांना कोड एकच, कुठली लिपी ते मध्ये येणारा बदलाचा खुणेचा कोड सांगतो. म्हणून दोन्ही भाषांची जाहिरात किंवा नोटीस युनिकोडमध्ये बदलताना त्या खुणा पाळणारं साधन वापरा. नाहीतर कन्नड ओळी देवनागरीत उतरतात.

पुढच्या काळातल्या श्रीलिपीसारख्या पॅकेजांच्या फायली मात्र इस्की नव्हेत. त्या फॉन्टच्या आतल्या अक्षरचित्रांप्रमाणे असतात, आणि त्यांना नेमक्या त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो. डिस्कची इमेज काढताना फॉन्टचं फोल्डर आत आलंय ना ते पाहा, आणि पॅरलल पोर्टवरचं डोंगल (पॅकेजचं लायसन तपासणारा तुकडा) डिस्कसोबत एकाच पिशवीत ठेवा.

डीटीपीवाल्यांकडे स्कझी (उपकरणं साखळीने जोडायची जुनी पद्धत) स्कॅनर असेल तर थोडक्यात: प्रत्येक उपकरणाचा क्रमांक वेगळा, ० ते ७मधला. ७ बहुधा कार्डाचा स्वतःचा. साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर (टोक बंद करणारा जोड), मध्ये कुठेही नाही. स्कॅनर आधी चालू करायचा, पीसी नंतर.

सुटे भाग

कोल्हापूर किंवा हुबळीला गेलात तर जुन्या सामानाच्या दुकानात ८० तारांच्या केबली, जंपरच्या टोप्या आणि चालू एटी एसएमपीएस दिसले की घेऊन ठेवा. नवी डिस्क शोधत बसू नका, त्याऐवजी एकाच प्रकारची दोन सीएफ कार्डं घ्या आणि दोन्हींवर इमेज उतरवून चालवून बघा. एक मशीनमध्ये, दुसरं बायोसच्या आकड्यांच्या चिठ्ठीसह कोरड्या डबीत. एप्रिल-मेमध्ये वळवाचा गडगडाट सुरू झाला की यूपीएसवर विसंबू नका. पीसीचा प्लग भिंतीतून काढा, आणि मोडेमची टेलिफोनची तार असेल तर तीही.